बॉल बॅटला लागतो तो क्षण: मुलीचा सॉफ्टबॉलचा स्विंग तपासताना

माझी मुलगी सतरा वर्षांखालील गटात सॉफ्टबॉल खेळते. मी जळगावात एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक आहे. खेळाशी माझा संबंध तिला मैदानावर सोडणं, आणणं आणि युनिफॉर्मवरचे मातीचे डाग काढणं एवढाच होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये शालेय जिल्हास्तरीय स्पर्धा झाली आणि तिची बॅटिंग पार बसली. बॉल चुकत नव्हता, लागत होता, पण लागला की सरळ आभाळात. पिचरनं, म्हणजे बॉल टाकणारीनं, नाहीतर तिसऱ्या बेसवालीनं दोन पावलं टाकायची आणि आरामात झेल घ्यायचा. याला पॉप-अप म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. घरी येताना गाडीवर मागे बसून ती एक शब्द बोलली नाही.

मग सल्ले सुरू झाले. शाळेचे सर म्हणाले, "टायमिंग नाही हो ताई तिचं." टीममधल्या एका मुलीचे वडील म्हणाले, मागचं कोपर वर ठेवायला सांगा. माझा धाकटा दीर क्रिकेटवाला, त्यानं अंगणातच तिला उभं करून पुढचं कोपर उंच आणि बॅट सरळ असं शिकवायला घेतलं. सॉफ्टबॉलची बॅट आडवी फिरते, तिथे क्रिकेटची सरळ बॅट काय कामाची, हे मलासुद्धा कळत होतं. आपल्याकडे बऱ्याच मुली गल्लीतलं क्रिकेट खेळूनच सॉफ्टबॉलकडे येतात, आणि घरातल्या प्रत्येकाला बॅटिंगमधलं काही ना काही कळतच असतं. त्यामुळे हा त्रास सगळ्यांनाच होतो.

मी सरांना विचारलं, "सर, बॉल लागतो त्या क्षणी तिचं अंग कसं असतं, हे बघता येईल का?"

"बघायचं कशानं ताई? तिथं डोळा पोचत नाही. मोबाईलवर काढून बघा, जमलं तर मलाही दाखवा."

एवढ्यावर मी कामाला लागले. पुढे फेब्रुवारीपर्यंत जे झालं ते इथे लिहिते आहे. मला सुरुवातीला विचारायला कुणी नव्हतं. पॉप-अपवाल्या इतर मुलींच्या आईवडिलांचा थोडा वेळ वाचेल.

आधी कागदावर हिशेब केला, कारण लॅबची सवय. महिलांच्या खेळात पिचरची पट्टी होमप्लेटपासून (बॅट करणारी जिच्याशेजारी उभी राहते ती जमिनीवरची पाटी) ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. बॉल हातातून सुटेपर्यंत पिचर मीटरभर तरी पुढे आलेली असते. आमच्याकडच्या चांगल्या मुलीचा बॉल ताशी ७५ किलोमीटरचा धरला तर तो अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळात प्लेटवर येतो. त्यातला पहिला भाग बघण्यात आणि ठरवण्यात जातो. प्रत्यक्ष बॅट पुढे निघाल्यापासून बॉलला लागेपर्यंत सेकंदाचा पाचवा-सहावा भागच उरतो. आणि बॉल बॅटला चिकटून किती वेळ असतो? साधारण एक मिलिसेकंद. सेकंदाचा हजारावा भाग.

साध्या मोबाईलच्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात. बॅटचं टोक ताशी ८० किलोमीटरनं फिरतंय असं धरा, तर दोन फ्रेमच्या मधे ते पाऊण मीटर पुढे सरकतं. तिची बॅट आहे ३३ इंची, म्हणजे ८४ सेंटीमीटर. एका फ्रेममध्ये बॅट मागे आणि पुढच्या फ्रेममध्ये बॉल गेलेला, असंच दिसणार. स्लो मोशनला २४० फ्रेम असतील तर हेच अंतर ९ सेंटीमीटरवर येतं आणि दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंदांचं अंतर राहतं. चार मिलिसेकंदांत एक मिलिसेकंदाची भेट. तीन-चार स्विंगमागे एखाद्यातच बॉल आणि बॅट खरोखर टेकलेले सापडतात, बाकी वेळी भेटीच्या आधीची आणि नंतरची फ्रेम घेऊन मधलं आपण समजून घ्यायचं. हे आधी माहीत असलं की चिडचिड होत नाही.

माझा फोन जुना, त्यात २४० नव्हतं. भाच्याच्या फोनमध्ये होतं. काही फोनवर ९६० लिहिलेलं असतं, पण त्यातल्या बऱ्याच फ्रेम फोननंच मधल्या मधे तयार केलेल्या असतात. त्या दिसायला छान असतात, मोजायला निकामी. खऱ्या २४० घ्या.

आता कागदपत्रं. आपलीच मुलगी, आपलाच फोन, तर परवानगी कशाला, असं मला वाटलं होतं. पण फ्रेममध्ये पिचर येते, प्लेटमागे बसणारी कॅचर येते, मागे सराव करणाऱ्या मुली येतात, आणि सगळ्या अल्पवयीन. मुख्याध्यापिका बाईंनी स्पष्ट सांगितलं की लेखी अर्ज हवा. ऑक्टोबरमध्ये अर्ज दिला. त्यात लिहिलं: चित्रण कशासाठी, कोणत्या दिवशी, किती वाजता, सर हजर राहतील, चित्रण कोणत्याही ग्रुपवर टाकलं जाणार नाही, काम झाल्यावर इतर मुलींचा भाग पुसला जाईल. सोबत पिचर आणि कॅचर मुलींच्या पालकांची संमतीपत्रं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. माझा पहिला कागद मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी फाइलमध्ये गेला होता, त्या पोचेमुळेच तो परत सापडला.

मग सहामाही परीक्षा, मग दिवाळी. दिवाळी आटोपून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौकशीला गेले तर विधानसभेची निवडणूक. २० तारखेला मतदान, शाळेत केंद्र, सरांना निवडणुकीची ड्युटी, त्याआधी प्रशिक्षण. मैदानावर मांडव. २३ ला निकाल लागला आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात माझ्या हातात परवानगीचं पत्र पडलं. शाळेचं मैदान लहान आहे, म्हणून पूर्ण अंतरावरून पिचिंगसाठी क्रीडा संकुलातही अर्ज करावा लागला: अर्ज, आधारची प्रत, मुलीचा फोटो, शाळेचं पत्र आणि शुल्काची पावती. तिथे आठवडाभर लागला. सकाळी आठ ते साडेनऊची वेळ मिळाली, आणि ती फार सोयीची ठरली, कारण तेव्हा ऊन तिरपं आणि भरपूर असतं.

उन्हाचं महत्त्व सांगते. स्लो मोशनमध्ये फोन शटर स्वतःच ठरवतो. प्रकाश कमी असला की शटर उघडं राहतं आणि बॅटच्या जागी नुसता पट्टा दिसतो. सेकंदाच्या २४० व्या भागाइतकं शटर उघडं राहिलं तर बॅटचं टोक फ्रेममध्ये ९ सेंटीमीटर पसरतं. भर उन्हात तेच दोन हजाराव्या भागावर आलं की हे पसरणं एक सेंटीमीटरच्या आसपास येतं. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी हवा. हॉलमधल्या दिव्यांखाली काढू नका, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे चित्र सारखं लुकलुकतं.

सामानाचा खर्च सांगते. ट्रायपॉड ९०० रुपये. बॅटिंग टी, म्हणजे बॉल वर ठेवून मारायचा उभा दांडा, विकतची महाग वाटली, म्हणून प्लंबरकडून दीड इंची पीव्हीसी पाइप घेतला आणि वर गॅरेजमधून आणलेला रेडिएटरच्या रबरी होजचा तुकडा बसवला. सगळं मिळून साडेतीनशे. बॉल बारा इंची, नियमाचाच वापरा. नेटसाठी दीरानं त्याच्या क्लबातून फाटकं क्रिकेटचं जाळं दिलं, त्याचं एवढं ऋण मान्य करायलाच हवं. शिवाय मेडिकलमधली पांढरी चिकटपट्टी, खडू आणि कॅरमची पावडर. पावडरचं पुढे येईल.

कॅमेरा कुठे ठेवायचा यावर सरांशी बराच काथ्याकूट झाला. ती उजव्या हाताची हिटर, म्हणजे तिची छाती पहिल्या बेसच्या बाजूला असते. त्या बाजूनं, पिचर आणि प्लेट जोडणाऱ्या रेषेला काटकोनात, कमरेच्या उंचीवर, दहा मीटर लांब कॅमेरा लावला आणि झूम केला. जवळून काढलं की कडेची अंतरं वाकडी येतात. जमिनीवर खडूनं दोन रेषा मारा, एक पिचरपासून प्लेटपर्यंत आणि दुसरी तिला काटकोनात कॅमेऱ्याकडे. ट्रायपॉड त्या दुसऱ्या रेषेवरच उभा हवा. कॅमेरा थोडासा जरी पिचरच्या अंगाला सरकला तरी बॉल आहे त्यापेक्षा मागे लागल्यासारखा दिसतो, आणि मग सगळ्या वाचनाचा पाया चुकतो. एक इशारा: उजव्या हाताच्या हिटरला उशीर झाला की फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला, नेमका याच बाजूला येतो. जाळ्यामागे फोन लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि बाजूला व्हा. तिथे उभं राहून हातात फोन धरायचा विचारही नको.

प्रमाणासाठी मी लॅबमधली मीटरपट्टी प्लेटवर उभी धरून आधी एक फ्रेम काढली. मीटरपट्टी नसेल तर होमप्लेट आहेच. पुढच्या कडेपासून मागच्या टोकापर्यंत ती १७ इंच, म्हणजे ४३.२ सेंटीमीटर असते. मुलीच्या घोट्यावर, गुडघ्यावर आणि कमरेच्या हाडावर चिकटपट्टीच्या फुल्या लावल्या. डोक्यासाठी वेगळी खूण नको, हेल्मेटचं कानाचं भोक स्वच्छ दिसतं.

डिसेंबरमधल्या एका रविवारी चित्रण केलं. आधी टीवर, मग सरांनी बाजूनं हलके टाकलेले बॉल, शेवटी खरी पिचिंग. टीवर सगळ्याच मुली छान दिसतात, कारण बॉल वाट बघत उभा असतो. टीवरचं आणि पिचिंगवरचं चित्र शेजारी ठेवून बघितलं तरच काही कळतं.

मुलीला हे सगळं अजिबात आवडलं नाही, हेही लिहायला हवं. या वयात स्वतःला स्लो मोशनमध्ये, वाकडं तोंड केलेलं, चिकटपट्ट्या लावलेलं बघणं सोपं नसतं. पहिल्या दिवशी तिनं फोन हातातून काढून घेतला आणि "आई, हे कुणाला दाखवलंस तर मी खेळणंच सोडीन" म्हणाली. मग आम्ही ठरवलं की प्रत्येक क्लिप आधी ती एकटी बघणार, नको ती पुसणार, उरलेल्यांवर काम. त्यानंतर तीच मला फ्रेम दाखवू लागली. पालकांनी हे पहिल्या दिवसापासून करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

फाइलींनी पुढचा आठवडा खाल्ला. भाच्यानं क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या आणि तिकडून आल्या त्या चेपलेल्या, फ्रेम गळलेल्या. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ केबलनं काढा. कॉम्प्युटरवर किनोव्हिया नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एकेक फ्रेम पुढे-मागे करता येते, कोन काढता येतो, अंतर मोजता येतं. फक्त त्याला चित्रण २४० फ्रेमचं आहे हे सेटिंगमध्ये सांगावं लागतं. काही फोन फाइल ३० फ्रेमची म्हणून साठवतात आणि मग बॅटचा वेग आठपट कमी दिसतो. हे सॉफ्टवेअर चालत नसेल तर व्हीएलसीमध्ये क्लिप थांबवून कीबोर्डवरचं ई बटण दाबलं की पुढची फ्रेम येते, पण मागे जाता येत नाही.

आणखी एक गंमत. 'टक्' आवाज येतो तीच काँटॅक्टची, म्हणजे बॉल बॅटला लागल्याची फ्रेम, असं कुणालाही वाटेल. पण कॅमेरा दहा मीटरवर आहे आणि आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे आवाज पोचायला २९ मिलिसेकंद, अर्थात सात फ्रेम. आवाजावर गेलात तर बॉल केव्हाच निघून गेलेला असतो. मी हे आमच्या एफवायच्या मुलांना सांगितलं तर त्यांनी लगेच वहीत उतरवून घेतलं, एरवी काही उतरवत नाहीत.

काँटॅक्टच्या फ्रेममध्ये काय बघायचं? शाळेच्या सरांनी आणि पुढे भेटलेल्या अमरावतीच्या एका सरांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगते. पुढचा पाय खंबीर, गुडघा जवळजवळ सरळ. मागच्या पायाची टाच उचललेली, वजन चवड्यावर. कंबर पिचरकडे उघडलेली. मागचं कोपर वाकलेलं आणि बरगडीजवळ. हात पूर्ण लांब होतात ते बॉल गेल्यानंतर, लागताना नाही. वरच्या हाताचा तळवा आभाळाकडे, खालच्याचा जमिनीकडे. हनुवटी मागच्या खांद्यापाशी येत असलेली आणि नजर बॉलवर. जागा म्हणाल तर मधला बॉल साधारण पुढच्या पायाच्या रेषेत लागतो, अंगाजवळचा त्याच्याही पुढे, बाहेरचा थोडा मागे. बॅट जमिनीला समांतर असावी ही समजूत अर्धीच खरी आहे. बॉल कमरेखाली असेल तर खांदे तिरके होतात, बॅटचं टोक मुठीपेक्षा खाली जातं, आणि ते बरोबरच आहे.

या यादीवर माझ्या मुलीची फ्रेम ठेवली तर कोपर ठीक होतं. दोन सल्लागार तिथेच बाद झाले. मनगटंही वेळेआधी वळत नव्हती. गुडघा मात्र वाकलेला, १३८ अंशांच्या आसपास, आणि बॅट बॉलच्या खाली.

किती खाली, हे महत्त्वाचं. बॉलचा घेर बारा इंच म्हणजे व्यास साधारण ९.७ सेंटीमीटर, बॅटचा जाड भाग जास्तीत जास्त ५.७. दोघांच्या त्रिज्यांची बेरीज ७.७. बॅटचा मध्य बॉलच्या मध्याच्या दोन सेंटीमीटर खाली असला तर दोन्ही मध्य जोडणारी रेषा १५ अंश वर बघते. तिथपर्यंत चालतं, बरेच चांगले हिट त्यातूनच निघतात. चार सेंटीमीटर खाली गेलं की तीच रेषा ३१ अंशांवर जाते आणि बॉल आभाळात. तिच्या पॉप-अपच्या फ्रेममध्ये फरक चारच्या वरच होता. म्हणजे सारा खेळ दोन सेंटीमीटरचा.

कॅरमची पावडर इथे कामाला आली. बॅटवर पातळ पुसली की बॉल लागलेल्या जागी स्वच्छ ठसा उठतो. बॅटची चांगली जागा टोकापासून पाच ते सात इंच आत असते. तिचे ठसे तिथेच होते. म्हणजे पोचण्यात अडचण नव्हती, उंचीत होती. हे मला व्हिडिओतून कधीच खात्रीनं कळलं नसतं, कारण कडेनं बघताना बॅट कॅमेऱ्याच्या दिशेनं येते आणि तिच्या लांबीवरची जागा कळत नाही. घरात कॅरम असेल त्यांनी हा प्रयोग आधी करावा. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य.

आता प्रश्न, बॅट खाली का जाते. सरांचं म्हणणं अजूनही टायमिंग. मी त्याचाही हिशेब मांडला. काँटॅक्टच्या वेळी तिची बॅट एका फ्रेममध्ये सहा-सात अंश वळते, म्हणजे एक फ्रेम लवकर किंवा उशीर झाला तर बॉल डावीकडे-उजवीकडे जाईल. तिचे बॉल तर मैदानाच्या मधेच, पण वर जात होते. सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि म्हणाले, "हे मला नाही सुटत ताई. कुणीतरी बायोमेकॅनिक्सवाला बघू."

अमरावती म्हणजे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं गाव, १९१४ पासून तिथे व्यायाम आणि शारीरिक शिक्षणाची परंपरा आहे. सरांचे एक जुने वर्गमित्र त्याच गावात राहतात आणि बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, शिकवतात. फोन, मग ईमेल, मग उत्तराची वाट. त्यांच्या परीक्षा चालू होत्या. संक्रांतीनंतरच्या शनिवारी वेळ मिळाली. बडनेऱ्याला उतरून रिक्षा, दोघींचं येणं-जाणं आणि नाश्ता धरून खर्च हजाराच्या आत. त्यांनी फी घेतली नाही, तिळगुळाचा डबा मात्र घेतला.

त्यांनी माझी काँटॅक्टची फ्रेम जेमतेम पाहिली आणि बाजूला सारली. "ताई, हा निकाल आहे. पेपर कुठे लिहिला ते दाखवा." मग त्यांनी क्लिप मागे नेली, पुढचा पाय जमिनीवर टेकतो त्या फ्रेमपर्यंत. तिथे हेल्मेटच्या कानाच्या भोकावर खूण केली, काँटॅक्टला पुन्हा खूण केली आणि मधलं अंतर मोजलं. डोकं १९ सेंटीमीटर पुढे गेलेलं आणि ६ खाली आलेलं. पाऊल लांब टाकलं, सगळं वजन पुढच्या पायावर गेलं, गुडघा वाकत राहिला, त्याबरोबर डोकं खाली, डोळे खाली, खांदे खाली, आणि बॅटही खाली. ते म्हणाले, दार बिजागरीवर फिरतं, बिजागरीच सरकली तर दार फिरणार कसं? पुढचा पाय ही तिची बिजागरी.

टीवरच्या क्लिपमध्ये डोकं फक्त ७ सेंटीमीटर सरकत होतं. स्विंग तिला येत होता, समोरून बॉल येताना ती त्याच्याकडे धावत होती. टायमिंगचं सरांचं निदान त्यामुळे पूर्ण चुकीचंही नव्हतं: ती पाऊल लवकर टाकायची आणि मग बॉलची वाट बघत पुढे कलंडायची.

मुलीनं तिथे एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जपाननं अमेरिकेला हरवलं, तो सामना तिनं कितीदा बघितलाय कोण जाणे. "सर, त्यांच्यातल्या काही जणी तर धावतच मारतात की?" सर हसले. त्या स्लॅप हिटर. डाव्या हातानं खेळतात, पहिल्या बेसकडे धावत सुटता सुटता बॉल जमिनीवर ठेवतात, तिथे डोकं पुढे जाणारच. तो वेगळाच प्रकार, त्याच्याशी स्वतःची फ्रेम ताडून बघायची नाही. इंटरनेटवर मोठ्या खेळाडूंची चित्रं शेजारी लावून मुलींना ओरडणाऱ्या पालकांनी एवढं तरी तपासून घ्यावं.

उपाय म्हणून त्यांनी दोनच गोष्टी दिल्या आणि तिसरी मागितली तर नाही म्हणाले. एक, टीवर पाऊल टाकायचं, थांबायचं, समोरच्यानं "हो" म्हटलं की मगच बॅट फिरवायची. थांबलेलं असताना वजन मागच्या पायावर आहे का, हे तिचं तिलाच कळतं. दोन, टी छातीच्या उंचीला लावायची आणि समोर जाळ्याच्या मधोमध बॉल मारायचा. बॅट खाली गेली तर बॉल वर जातो किंवा टीच उडते, आईनं काही सांगायची गरज पडत नाही. पाऊल किती टाकायचं ते खडूच्या रेषेनं ठरवलं, आधीपेक्षा वीतभर कमी.

जानेवारीचे उरलेले दिवस आणि अर्धा फेब्रुवारी हेच चाललं, शाळेआधी, घराच्या गच्चीवर. खालच्या काकूंनी आवाजाची तक्रार केली, म्हणून टीखाली जुनी सतरंजी आली. पहिले काही दिवस तिचा स्विंग आधीपेक्षा वाईट झाला. थांबून मारताना जोरच निघत नाही, ती रडकुंडीला आली. अमरावतीच्या सरांनी हे होणार असं आधीच सांगितलं होतं, नाहीतर मीच ते सगळं बंद केलं असतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा चित्रण केलं. परवानगीच्या पत्रात तारखा लिहिलेल्या असतात, त्यामुळे पुन्हा एक छोटा अर्ज. कॅमेऱ्याची जागा, उंची, झूम सगळं पहिल्यासारखंच ठेवलं, ते वहीत लिहून ठेवलेलं होतं. तुलना करायची असेल तर हे लिहून ठेवाच. खऱ्या पिचिंगवर डोकं ११ सेंटीमीटर पुढे आणि २ खाली. गुडघा १५५ च्या आसपास. पॉप-अप थांबले नाहीत, पण कमी झाले, आणि त्यांच्या जागी जमिनीवरचे बॉल वाढले. त्यातले निम्मे शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या मुलीच्या, हातात जातात. बाहेरचा बॉल तिला अजून सापडत नाही, तो ती पुढेच गाठायला जाते. सर म्हणतात ते पुढच्या हंगामात बघू, एका वेळी एकच.

सरांनी आता आणखी तीन मुलींचं चित्रण करायचं ठरवलंय. ट्रायपॉड आणि जाळं शाळेतच ठेवलंय. अर्जाचा मसुदाही त्यांच्याकडे आहे, जळगावातलं कुणी असेल तर मागून घ्या, फक्त नावं आणि तारखा बदलायच्या. संमतीपत्रं शैक्षणिक वर्षापुरतीच चालतात, त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडली की नवीन घ्यावी लागतील. तेव्हाच स्पर्धेचे प्रवेश अर्जही भरायचे असतात आणि त्यासाठी जन्मदाखला, आधार आणि बोनाफाईड लागतंच, तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात एकाच खेपेत सगळ्याच्या प्रती काढून ठेवा.